अकराजणींच्या जागेवरचा बाक

क्लेम नोस्केनं अ‍ॅडलेडकडच्या नॉयहोफ गावच्या कौन्सिलचा ग्रेडर, म्हणजे कच्चे रस्ते सपाट करायचं पात्याचं यंत्र, एकतीस वर्षं चालवला आणि एवढ्या वर्षांत गावाला एकच थाप मारली. तसं बघितलं तर हे प्रमाण फारच कमी. आमच्याकडं रात्री पाऊस किती पडला याचा आकडा माणूस सकाळी दुकानात एक सांगतो आणि संध्याकाळी क्लबात दुसरा. पण पावसाच्या थापेनं कुणाचं काही जात नाही. क्लेमच्या थापेनं गेलं, आणि गेलं ते त्याचंच.

थाप अशी होती. गावापासून नऊ किलोमीटरवर, लिंडनरांच्या कुंपणाला लागून कच्चा रस्ता वळतो. तिथं उजव्या हाताला मेंढ्या बसल्यासारखे तीन गोल खडक आहेत. त्या खडकांपासून पुढच्या मोरीपर्यंत, म्हणजे जेमतेम साठ पावलं, कडेच्या मातीखाली टेलिफोनची केबल पुरलेली आहे असं क्लेमनं सांगून ठेवलं होतं. "तिथं पातं उचलायचं," निवृत्त होताना त्यानं नव्या ड्रायव्हरला बजावलं. "केबल तुटली तर पूर्वेकडचे सगळे फोन बंद पडतील, आणि तिकडच्या बायका तुला जगू देणार नाहीत." हे त्यानं दोनदा सांगितलं. क्लेम नोस्के एक गोष्ट दोनदा सांगतो हेच मुळात एवढं आक्रीत होतं, की नव्या ड्रायव्हरनं ते बायबलातल्यासारखं पाळलं.

केबल नव्हती. तिथं अकरा झुडपं होती.

गुडघ्याएवढी, अंग चोरून बसलेली. वर्षातले नऊ महिने बघितली तर कुणी केरसुणी म्हणूनसुद्धा घरात घेतली नसती. पानं तांदळाच्या दाण्याएवढी, आणि उन्हाळा तापला की तीही आतल्या आत वळून जायची; मग नुसत्या करड्या काटक्या. पण सप्टेंबर, म्हणजे आमच्याकडचा वसंत, उजाडला की आठवड्याभरात पान दिसायचं नाही एवढी जांभळी फुलं. आणि एखादी डहाळी बोटात चुरली की पुदिन्याचा असा वास, की चार तास ग्रेडरचा धूर खाल्लेलं नाकही ताळ्यावर यायचं. शहाण्या लोकांच्या पुस्तकात या झुडपाला मिंटबुश म्हणतात, पुढं लॅटिन शेपूट आहे. ही जात जगात फक्त आमच्या तालुक्यात होती. बाकी सगळी जमीन आजोबा-पणजोबांनी गव्हासाठी साफ केली होती. जुनी झाडी उरली ती रस्त्याच्या दोन्ही अंगांना, दहा-दहा पावलांच्या पट्टीत. त्या पट्टीच्या कडेनं ग्रेडरचं पातं वर्षातून चारदा फिरायचं. म्हणजे एका अख्ख्या जातीचं जगणं-मरणं क्लेमच्या उजव्या हाताखालच्या दांडीवर येऊन ठेपलं होतं. क्लेम त्यांना मनातल्या मनात 'अकराजणी' म्हणायचा. मनातल्या मनात, कारण मोठ्यानं म्हणायची त्याला भीती होती.

भीतीला कारण होतं.

तीस वर्षांपूर्वी फिलिपा नावाची एक वनस्पतीवाली बाई अ‍ॅडलेडहून आली. ती रस्त्याच्या कडा गुडघ्यांवर रांगत तपासायची. लिंडनरांच्या मेंढ्या कुंपणापाशी रांग लावून तिच्याकडं बघत उभ्या राहायच्या. तिला खालच्या फाट्यावर अशी चाळीसेक झुडपं सापडली. तिनं आनंदानं कौन्सिलला कळवलं, कौन्सिलनं क्लेमकडं दोन निळे खांब दिले आणि क्लेमनं ते दोन टोकांना रोवले. निळा खांब म्हणजे इथून तिथपर्यंत काहीतरी दुर्मिळ आहे, पातं उचला. तो ग्रेडरवाल्यासाठी असतो. पण डोळे सगळ्यांनाच असतात. त्याच फाट्यावर एमिल लिंडनरला मोठं फाटक बसवायचं होतं, कारण त्याचं नवं कापणीयंत्र जुन्या फाटकातून जात नव्हतं. निळे खांब बघून तो तडक गावात गेला. आता सरकार इथं खिळासुद्धा ठोकू देणार नाही, असं तो क्लबात चारचौघांत म्हणाला. त्याच शनिवारी त्याच्या शेताचं दार उघडं राहिलं. तीनशे मेंढ्या दोन दिवस रस्त्यावर होत्या. सोमवारी क्लेम कामावर गेला तेव्हा दोन निळ्या खांबांच्या मधली जमीन झाडूनपुसून ठेवल्यासारखी स्वच्छ होती.

"कडी सैल होती," एमिल म्हणाला.

एमिल लिंडनरची कडी साठ वर्षांत कधी सैल झाली नव्हती. पण तो चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायचा, म्हणजे कडी सैलच होती.

फिलिपा आली, बघितलं, वहीतल्या चाळीसच्या आकड्यावर आडवी रेघ मारली आणि गाडीत जाऊन बसली. क्लेम बराच वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला. मग काच ठोठावून म्हणाला, "अजून अकरा आहेत."

खडकांजवळच्या अकरा त्यानं चार वर्षं आधीच बघून ठेवल्या होत्या आणि तेव्हापासून तिथं त्याचं पातं आपोआप वर जात होतं. का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. फिलिपा त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि डोळे पुसत हसली. मग तिनं फॉर्म काढला.

"कागद नको," क्लेम म्हणाला. "खांब नको. यादी नको."

"अहो, यादीत नसेल तर राखणार कोण?"

"मी आहे."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

"आहे की," क्लेम म्हणाला.

क्लेमच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं भाषण, आणि त्यातलं शेवटचं वाक्य चुकीचं होतं. पण फाट्यावरची साफ जमीन डोळ्यांसमोर होती, म्हणून फिलिपानं फॉर्म परत पिशवीत घातला. पुढं बारा वर्षं ती दर ऑक्टोबरात यायची. दोघं मिळून मोजायची: अकरा. मग थर्मासमधला चहा. मग तिची बदली झाली, एक पत्र आलं, पुढं तेही नाही. त्यानंतर क्लेम एकटाच मोजायला लागला; निवृत्तीनंतर तर दर रविवारी.

रविवारी चर्च सुटलं की बायकोला, वेल्माला, घरी सोडायचा, गाडीत एक प्लास्टिकची बादली टाकायचा आणि वळणावर जाऊन बादली पालथी घालून तासभर बसायचा. गावातून जाणारा-येणारा हॉर्न वाजवायचा, स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचा. क्लेमही एक बोट वर करायचा. हा आमच्याकडचा पूर्ण नमस्कार. लोकांनी त्या जागेला 'क्लेमचं वळण' नाव दिलं. तिथं तो काय बघतो यावर क्लबात बरीच वर्षं चर्चा चालली, आणि म्हाताऱ्याला घरात जरा शांतता मिळत नसणार, यावर ती थांबली.

"गेला बघा माझा नवरा त्याच्या रविवारच्या बाईकडं," वेल्मा चर्चच्या पायरीवर मोठ्यानं सांगायची. वेल्मा बोलण्यात क्लेमचा सगळा कोटा स्वतः वापरायची. "एवढं काय बघतोस रे तिथं?"

"बरं दिसतं तिथून."

"काय दिसतं?"

"मेंढ्या."

"मेंढ्या! बेचाळीस वर्षं समोर बसलेय मी, माझ्याकडं कधी असा तासभर बघितला नाहीस."

सांगावंसं त्याला पुष्कळदा वाटलं. पण वेल्माला सांगणं आणि रेडिओवर सांगणं यात फरक एवढाच होता, की रेडिओ संध्याकाळी बंद व्हायचा. तिच्या मनात काही वाईट नसायचं; तिच्या मनात काही राहायचंच नाही. आणि वळणापलीकडची जमीन अजून लिंडनरांचीच होती. एमिल वारला होता, पण कडी तीच होती.

गेल्या मार्चमध्ये क्लेमचा खुबा बदलायची तारीख आली. अ‍ॅडलेडला आठवडाभर हॉस्पिटल आणि पुढं पंधरा दिवस चालायला शिकवणार. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला पुन्हा पाऊल टाकायला शिकवतात याची वेल्मानं गावभर मौज केली. निघायच्या सकाळी बॅगेची चेन लावता लावता ती म्हणाली, "मागं काही बघायचं असेल तर सांगून ठेव. नंतर फोनवर तू हूं-हूं करतोस, मला काही कळत नाही."

क्लेम बूट घालत होता. त्यानं नाडी बांधली, सोडली, परत बांधली. तीन आठवड्यांचा तर प्रश्न. मार्चमध्ये, उन्हाळ्याच्या शेवटी, तशाही त्या काटक्याच.

"कोंबड्या," तो म्हणाला.

त्याला आणायला डेस लिंडनर गेला. डेस म्हणजे एमिलचा मुलगा, अठ्ठावन्न वर्षांचा, फुटबॉल क्लबाचा अध्यक्ष, अग्निशमन पथकाचा कप्तान, आणि गावात कुणाचंही काही अडलं की पहिला येणारा. एवढा भला माणूस एमिलच्या पोटी कसा जन्मला, हे कोडं गावानं सोडून दिलं होतं.

"काय म्हाताऱ्या, नवा सुटा भाग बसवला?" डेसनं कुबड्या मागच्या हौद्यात टाकल्या आणि क्लेमला धरून पुढं बसवलं. "आता वॉरंटी किती वर्षांची?"

"माझ्यापेक्षा जास्त," क्लेम म्हणाला. डेस मनापासून हसला आणि दार लावलं.

दार लागलं आणि क्लेमला वास आला.

आधी वाटलं हॉस्पिटलचा साबण. मग वाटलं डेस गोळी चघळतोय. डेसच्या तोंडात काही नव्हतं. शहर मागं पडलं, उन्हानं गाडी तापली आणि वास वाढला. क्लेमनं खाली बघितलं. त्याच्या पायाशी डेसचे कामाचे चामडी हातमोजे पडले होते, तळव्याला काळपट चिकट थर. त्यानं नवा खुबा सांभाळत कसंबसं वाकून एक मोजा उचलला आणि मांडीवर ठेवला.

"पडू दे रे तो, घाण आहे," डेस म्हणाला. "गेल्या शनिवारी श्रमदान होतं. अख्खा क्लब उतरला होता."

"कुठं?"

"ते नाही सांगायचं. वेल्मा जीव घेईल माझा." डेसला गुपित पोटात धरवत नव्हतं, लहान पोरासारखा तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. "रविवारी कळेल. सगळी कल्पना तिचीच."

क्लेमनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

तासभर गेला. गव्हाची कापलेली रानं सुरू झाली. डेस जरा गंभीर झाला. "एक सांगू का क्लेम? म्हातारा जायच्या आधी मला बोलला होता. ते फाट्यावरचं. दार त्यानं मुद्दाम उघडं ठेवलं होतं. कडीबिडी काही सैल नव्हती."

"हूं."

"तुला माहीत होतं?"

"हूं."

"आणि त्या बाईबरोबर तू तेवढं केलं होतंस... मला फार लागून राहिलं होतं रे. त्या रस्त्यासाठी, तुझ्यासाठी काहीतरी करायचं होतं. म्हणून वेल्मा बोलल्यावर मी म्हटलं, हे लिंडनरांनीच करायचं." समोरून आलेल्या ट्रकला त्यानं बोट वर केलं. "ती जांभळ्या फुलांची जात... तेव्हाच संपली ना सगळी?"

मोजा क्लेमच्या मांडीवर होता. खिडकी बंद होती. गाडीत पुदिन्याचा वास असा भरला होता, की त्या अकराजणी मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसून आल्यात असं वाटावं.

"संपली," क्लेम म्हणाला.

गावाच्या अलीकडं त्यानं एकदाच तोंड उघडलं. "वळणावरून जाऊ."

"आज नाही! रविवारी!" डेसनं आनंदानं दुसरा रस्ता पकडला.

रविवारी चर्च सुटल्यावर एकवीस गाड्या क्लेमच्या वळणावर लागल्या. पथकाच्या लोकांनी सॉसेज भाजायला शेगडी आणली होती, बायकांनी जर्मन केक, त्यावरच्या साखरेच्या चुऱ्यावर माश्या बसू नयेत म्हणून जाळीचं झाकण. वेल्मानं क्लेमच्या कोपराला धरलं होतं आणि ती एवढी खूश होती की चक्क गप्प होती.

तीन खडक होते. खडकांपासून मोरीपर्यंत पिवळ्या रेतीखडीचा सपाट ओटा होता, कडेला रेल्वेचे रंगवलेले लाकडी स्लीपर. मध्ये लाल गमाच्या, म्हणजे इथल्या निलगिरीच्या, लाकडाचा पाठीचा बाक. डेसनं तो स्वतः रंधा मारून, तेल पाजून केला होता. खरोखर देखणा बाक. बाकाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन गुलाब, पांढरे. पाठीवर पितळी पाटी: क्लेम नोस्केचा बाक. त्यानं आमचे रस्ते राखले.

"कसा आहे?" वेल्मा कुजबुजली. "बादलीवर बसून खुब्याची वाट लावून घेतलीस. म्हटलं, आता नवीन खुबा आणतोय तर बसायलाही नवीन पाहिजे."

क्लेम खडीकडं बघत होता. "खाली काय घातलंय?"

"काळं प्लास्टिक!" डेस अभिमानानं म्हणाला. "आधी तणनाशक मारलं, दोनदा. मग प्लास्टिक. मग खडी. तुझ्या हयातीत इथं गवताचं पातं उगवणार नाही, शब्द देतो."

"केबल," क्लेम म्हणाला. 

यावर सगळेच हसले. ग्रेडरचा नवा ड्रायव्हर तर पुढंच आला. "तीच तर गंमत, क्लेम! मी यांना म्हटलं, खणू नका, क्लेमनं दोनदा सांगितलंय. मग डेसनं फोन कंपनीला विचारलं. ते म्हणाले, तुमच्या अख्ख्या रस्त्याला कधी केबल नव्हती. नकाशाच पाठवला त्यांनी. आठ वर्षं मी पातं उचलतोय इथं, नसलेल्या केबलीसाठी!"

"आणि कौन्सिलातही विचारलं हं," वेल्मा घाईघाईनं म्हणाली, "उगाच तुझं नाव आणि बेकायदेशीर काही, असं नको. तिथल्या मुलीनं दुर्मिळ जागांची यादी बघितली. इथं काही नाही म्हणाली. नुसतं रान."

अकराजणींपर्यंत पोचायला दोन दारं होती, फोन कंपनी आणि कौन्सिलची यादी. दोन्हींना क्लेमनंच आतून कडी घातली होती, आणि आत कुणी नाही याची खात्री करूनच लोक भिंत फोडून आत आले होते.

"रान कसलं, वाळक्या काटक्या," वेल्मा सांगत होती. "मीसुद्धा हात लावला बरं का. तीन तर मी एकटीनं उपटल्या. हातांना असा छान वास लागला होता दिवसभर, साबणानंही जाईना. मी डेसला म्हटलंसुद्धा, मेल्या झाडालाही केवढा वास!"

"बोल, बोल," लोक ओरडले. "क्लेम, दोन शब्द!"

क्लेम बाकासमोर उभा राहिला. त्याच्या तोंडात सगळं तयार होतं. तीस वर्षं साठवलेलं माणूस एका मिनिटात बोलू शकतो. समोर डेस होता, बापाचं देणं फेडून हलका झालेला. नवा ड्रायव्हर होता, ज्यानं आठ वर्षं एकही प्रश्न न विचारता पातं उचललं होतं. आणि वेल्मा होती, ओठ किंचित उघडे, त्याच्या दोन शब्दांची वाट बघत. तिच्या अंगठ्याच्या नखाखाली अजून काळपट काहीतरी होतं.

"बाक चांगला झालाय," क्लेम म्हणाला.

टाळ्या अशा पडल्या की काकाकुवे उडाले. क्लेमचं हे आजवरचं उत्तम भाषण, असं ठरलं.

सोमवारी तो कुबड्यांवर एकटाच निघाला. डॉक्टरनं गाडी चालवायला सहा आठवडे बंदी घातली होती. तरी तो गाडी चालवत गेला. कौन्सिलच्या कचऱ्याच्या खड्ड्यापाशी उभा राहून त्यानं बराच वेळ खाली बघितलं. शनिवारचा कचरा सोमवारी सकाळी बुलडोझरनं दाबतात, हे गावात त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? नवी माती पसरलेली होती, सपाट. फार सफाईनं केलेलं काम. तो वारा येईल त्या बाजूला उभा राहिला. वास आला तो डिझेलचा.

हिवाळाभर त्यानं गुलाबांना पाणी घातलं. घालावंच लागलं. डेसनं वीस लिटरचा कॅन आणून दिला होता आणि क्लबात यादी लागली होती: गुलाब, क्लेम. एखाद्या रविवारी गेला नाही तर तीन फोन यायचे: बरा आहेस ना? म्हणून तो जायचा, पाणी घालायचा, बाकावर बसायचा. आता वेल्माही यायला लागली होती. जागा दोघांची होती ना. ती बोलायची, तो खडीकडं बघायचा. कधी ती तोंड फिरवायची तेव्हा स्लीपरच्या कडेनं काठीचं टोक घालून तो माती उकरून बघायचा. मातीत काही नव्हतं. जाणारे हॉर्न वाजवायचे. तो बोट वर करायचा.

आणि अकरापर्यंत मोजायची सवय जाईना. ओट्यावर नजर फिरायची, अकरा ठिकाणी थांबायची. चौथी बरोबर बाकाच्या डाव्या पायाखाली होती.

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी सरकारी पांढरी गाडी वळणावर येऊन थांबली. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी उतरली, हातात टॅबलेट आणि एक जुनी, रबर लावलेली वही. नाव जॅसिंटा. ती आधी मोरीपर्यंत चालत गेली, परत आली, खडक मोजले, वहीत बघितलं आणि बाकावरच्या दोघांकडं आली.

"माफ करा हं, इथं अजून कुठं असे तीन खडक आहेत का?"

"नाही गं बाई, हेच," वेल्मा म्हणाली. "बस ना. चहा घे. केक आहे."

"फिलिपाबाई आमच्या खात्यात होत्या, उन्हाळ्यात गेल्या. त्यांच्या मुलीनं त्यांच्या वह्या आम्हाला दिल्या." जॅसिंटानं पान उघडलं. "यात एक जागा आहे जी आमच्या कुठल्याच यादीत नाही. खडकांपासून मोरीपर्यंत, अकरा. आम्ही तर ही जात तीस वर्षांपूर्वीच संपली असं धरलं होतं! आणि समोर लिहिलंय, 'क्ले. नो. राखतो. काळजी नाही.' कुणी माहितीतलं आहे का? क्ले. नो.?"

वेल्मा वळली आणि तिनं बाकाच्या पाठीवरची पाटी बघितली, जशी काही पहिल्यांदाच बघतेय. "क्लेम?" ती म्हणाली. "तू काय राखत होतास?"

क्लेमनं थर्मासचं झाकण लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

"फोटो आहेत," जॅसिंटा म्हणाली आणि वहीत चिकटवलेला पहिला फोटो पुढं केला. जांभळा. सगळाच जांभळा, मागं तीन खडक.

"अगं बाई! इथं? हे?" वेल्मानं चष्मा सावरला. "मला कधी दाखवलं नाहीस रे. काय सुंदर... मग गेली कुठं ही?"

"आणि हा उन्हाळ्यातला," जॅसिंटानं पान उलटलं. "उन्हाळ्यात ती मेल्यासारखीच दिसतात, पण मेलेली नसतात."

करड्या काटक्या. शेजारी उंची कळावी म्हणून ठेवलेली काडेपेटी.

वेल्मानं फोटो जवळ घेतला. मग तिनं तो मांडीवर ठेवला आणि उजवा हात नाकाशी नेला. सहा महिन्यांपूर्वीचा वास हाताला राहत नाही. पण तिनं हात तसाच धरून ठेवला.

"यातल्या तीन मी—"

"नाही," क्लेम म्हणाला. "त्या वेगळ्या होत्या. या आधीच गेल्या होत्या. दुष्काळात. तुम्ही काढल्यात त्या दुसऱ्या. नुसतं रान होतं ते."

ही क्लेम नोस्केची आयुष्यातली दुसरी थाप. पहिली लोकांना आठ वर्षं पटली, कारण ती सांगताना त्याला घाई नव्हती. ही वेल्माला एक क्षणही पटली नाही. बेचाळीस वर्षांत त्यानं तिला एका दमात एवढी वाक्यं कधी ऐकवली नव्हती.

ती बाकावरून उठली. ओट्याच्या बाहेर, रस्त्याच्या धुळीत जाऊन उभी राहिली, चर्चच्या चांगल्या बुटांवर. "ही खडी काढली तर?" तिनं जॅसिंटाला विचारलं. "बी असेल ना खाली?"

"काय काय घातलंय?"

वेल्मानं सांगितलं. औषध दोनदा, हेही सांगितलं.  जॅसिंटानं टॅबलेटवर काहीतरी भरलं, पण त्यांच्याकडं पाठ करून. जाताना तिनं केकचा तुकडा घेतला, कारण नाही म्हणणं तिला जड गेलं.

पांढरी गाडी मोरीपलीकडं दिसेनाशी झाली.

"मेंढ्या," वेल्मा म्हणाली. "आठ वर्षं मला म्हणालास, मेंढ्या."

क्लेमनं रिकामा कॅन बाकाखाली सरकवला.

"मला एकदा सांगितलं असतंस, तर मी गावभर केलं असतं. हेच ना?"

क्लेमनं मान हलवली.

"केलं असतं मी," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं असतं. आणि मग शनिवारी फावडं घेऊन आलेल्या बावीस माणसांतल्या एकानं तरी म्हटलं असतं, अरे, ही क्लेमची झुडपं."

हे त्याच्या डोक्यात आधी आलं नव्हतं असं नाही. पण कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात डेसची गाडी आली. त्यानं वेग कमी केला, लांब हॉर्न दिला आणि काचेआडून हसत एक बोट वर केलं. क्लेमनंही एक बोट वर केलं. वेल्माचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते, ते तिथंच राहिले.

त्यानंतर ती कधी वळणावर आली नाही. क्लेम जातो. कॅन रिकामा करतो, बाकावर बसतो, पाय शक्यतो डावीकडं टेकवत नाही. गुलाब मात्र यंदा भरून फुललेत. चर्चच्या फुलांच्या पाळीत नोस्क्यांचं नाव आलं की डेसची बायको हक्कानं तिथलेच तोडून नेते आणि वेल्माच्या हातात देते. वेल्मा ते घेते. बरे दिसतात म्हणते. वास नाही त्यांना, एवढंच.